निसर्ग अभ्यासकाचे कागद हाती आले तर: ट्रंक उघडण्यापासून दानपत्रापर्यंत

आयुष्यभर रानवाटा तुडवलेलं, खाणीसाठी डोंगर फोडायला निघालेल्यांसमोर उभं राहिलेलं गावातलं कुणीतरी जातं. दिवसपाणी उरकतं, पाहुणे परततात. महिन्याभराने घरचे माळा आवरायला घेतात आणि तुम्हाला फोन येतो, "तुम्ही त्यांच्याबरोबर फिरायचात ना? हे कागद जरा बघून जाता का? नाहीतर रद्दीवाला येणारच आहे रविवारी."

त्या फोननंतर काय करायचं, ते इथं लिहिते आहे. मी ग्रंथालयात काम करते. साताऱ्यातल्या एका घरात अशा तीन पत्र्याच्या ट्रंका, दोन गोण्या आणि एक लाकडी कपाट यांचं काम आम्ही चौघांनी सुट्टीच्या दिवशी बसून केलं. ज्यांचे ते कागद होते त्यांना सगळा गाव सर म्हणायचा, म्हणून मीही इथं सरच म्हणते. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्या सगळ्या महिन्यांत आमच्याबरोबर बसल्या. त्या नसत्या तर निम्मे कागद मुकेच राहिले असते.

हे कागद इतक्या मोलाचे का, ते आधी सांगते. आपल्या भागाचंच बघा. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ साली कासचं पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं. सांगली जिल्ह्यात धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडं लावली गेली आणि तिथं सागरेश्वर अभयारण्य उभं राहिलं. अधिसूचनेत तारीख सापडते, क्षेत्रफळ सापडतं. पण पहिलं निवेदन कुणी लिहिलं, कुठल्या गावाने आधी विरोध केला आणि मग कशामुळे साथ दिली, वणवा विझवायला कोण कोण धावलं, हे सगळं असल्या ट्रंकांतच असतं. त्याची दुसरी प्रत कुठल्याही कचेरीत नसते.

पहिल्या दिवशी काहीही हलवू नका

मी नेमकं उलट केलं होतं. पहिल्या संध्याकाळी उत्साहाच्या भरात एका ट्रंकेतले सुतळीने बांधलेले गठ्ठे सोडले आणि सगळी पत्रं पाठवणाऱ्याच्या नावाप्रमाणे लावून टाकली. मुंबईची वेगळी, पुण्याची वेगळी, वनखात्याची वेगळी. फार नीटनेटकं दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी विचारलं, "गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या कुठं गेल्या गं?" सरांनी पत्रं माणसांप्रमाणे लावलीच नव्हती. एकेका प्रकरणाचा एकेक गठ्ठा होता. एका खाणीचा, एका देवराईचा, एका तळ्याचा. एका तलाठ्याचं दोन ओळींचं पत्र, एका प्राध्यापकाचं चार पानी उत्तर आणि वर्तमानपत्राचं कात्रण एकत्र होतं, म्हणून त्याला अर्थ होता. मी ते सोडवलं, आणि तारखा, शाईचा रंग, टाचणीची भोकं जुळवत पुन्हा लावायला आम्हाला चार महिने लागले. काही कागद आजही कुठल्या गठ्ठ्यातले ते कळत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त फोटो काढा. ट्रंक बंद असताना, झाकण उघडल्यावर, वरचा थर, मग खालचा. खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात ट्रंक होती तेही टिपा. ट्रंकांना, गोण्यांना, कपाटाच्या खणांना क्रमांक द्या आणि तो क्रमांक सुतळीला बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. एका नव्या वहीत तारीख घालून आज काय पाहिलं, कोण हजर होतं, घरच्यांनी काय सांगितलं ते लिहून ठेवा. कागद कुठं आणि कशाशेजारी सापडला, ही त्या कागदाची पहिली नोंद. ती एकदा पुसली की परत मिळत नाही.

रद्दीवाल्याला त्याच दिवशी नाही म्हणून कळवा. कोरे कागद, बिलं, कोऱ्या आंतरदेशीय पत्रांच्या मागची हिशेबाची आकडेमोड, काहीच फेकायचं नाही. सरांच्या एका किराणा बिलाच्या पाठीमागे ठोसेघरच्या दरीतल्या गिधाडांची मोजणी होती.

ओल, किडे आणि विष

दुसऱ्या भेटीत कागदांची तब्येत बघायची. खिडक्या उघड्या ठेवा, नाकातोंडाला मास्क लावा. चांदीच्या रंगाची, चपळ कसर दिसते का, वाळवीची मातीची नळी आहे का, झुरळांची घाण आहे का ते पाहा. किडा जिवंत असेल तो खोका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाकीच्यांपासून दूर ठेवा. कपाटावर फवारतात ती औषधं कागदावर फवारू नका. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांचा वास कागदात मुरतो आणि वाचणाऱ्याच्या छातीला त्रास होतो. कडुलिंबाचा पाला कागदांमध्ये घालायची आपल्याकडे सवय आहे, पण पाला कुजतो, डाग पडतात आणि नवे किडे येतात. पोथ्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवली तर चालेल, कागदाला टेकू देऊ नका.

आता एक गोष्ट जपून करायची. निसर्ग अभ्यासकाच्या घरी नुसते कागद नसतात. वाळवून कागदावर चिकटवलेली झाडं असतात, कधी पक्ष्यांची पेंढा भरलेली कातडी, अंडी, शिंगं असतात. जुन्या काळी वनस्पतींच्या नमुन्यांना किडे लागू नयेत म्हणून पाऱ्याचं क्षार द्रव्य लावत, आणि पक्ष्यांच्या कातड्यांना सोमल घातलेला साबण. हे विष पन्नास-साठ वर्षांनीही तिथंच असतं. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

शिंग, कातडं, नखं, दात असलं काही निघालं तर ते घरातून कुठंही नेऊ नका, कुणाला देऊ नका, विकण्याचा तर विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तू बाळगायला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र बहुतेक वेळा त्याच ट्रंकेत कुठल्यातरी फाईलला लावलेलं असतं, आधी ते शोधा. नसेल तर घरच्यांच्या सहीने वनखात्याच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि त्या पत्रावर पोहोच घ्या.

पाणी लागलं असेल तर

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. घरांत, दुकानांत, ग्रंथालयांत पाणी शिरलं. तेव्हा ओल्या वह्या उन्हात गच्चीवर पसरलेल्या मी पाहिल्या. तळमळीने पसरल्या होत्या, पण कडक उन्हात कागद आखडतो, पानं एकमेकांना चिकटून वीट होते आणि शाई उडते.

ओल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. तेवढ्यात दोनपैकी एक करावं लागतं. थोडेच कागद असतील तर सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे टिपकागद घालून वाळवा आणि टिपकागद दर काही तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र मध्ये घालू नका, त्याची शाई उतरते. ओल्या वहीची पानं जबरदस्तीने सोडवू नका. भरपूर असतील तर गोठवा. गोठलेला कागद तसाच थांबतो आणि मग सवडीने थोडाथोडा काढून वाळवता येतो. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत, लोक लगेच तिकडं धाव घेतात. पण तिथलं तापमान शून्याच्या वर असतं, तिथं बुरशी मंदावते, थांबत नाही. गोठवायला आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर लागतो. पाच-सहा वह्यांचा एकेक गठ्ठा पिशवीत घालून ठेवायचा, पिशवीवर क्रमांक लिहायचा.

फोटोंच्या स्लाइड आणि निगेटिव्ह मात्र गोठवू नका. त्या स्वच्छ गार पाण्यात अलगद धुऊन, कडेला धरून, दोरीला टांगून वाळवा.

स्वच्छता आणि बांधणी

कोरडे कागद मऊ ब्रशने मधून बाहेरच्या दिशेने झटका. गंजलेल्या टाचण्या, यू-पिना, स्टेपल काढा, पण ओढून काढू नका. कागद पालथा घालून स्टेपलचे पाय आधी सरळ करा, मग वरून उचला. वितळून चिकटलेले रबरबँड सुकू द्या, ते खपलीसारखे निघतात. चिकटपट्टी लावलेली असेल तर ती तशीच राहू द्या. नवी तर कधीच लावू नका. लॅमिनेशन करून घ्या असा सल्ला हटकून मिळेल, तो ऐकू नका. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही आणि आत बसून जळल्यासारखा पिवळा होतो.

कागद हाताळताना हात स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे. कापडी मोज्यांत बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि कडा फाटतात. फोटोंना आणि निगेटिव्हना मात्र मोजे हवेत, बोटांचा घाम त्यावर कायमचा उमटतो. टेबलावर पेन नको, पाणी नको, चहा तर नकोच. लिहायचं ते पेन्सिलीने.

आम्लविरहित कागदाची पाकिटं पुण्या-मुंबईत मिळतात. सगळ्यांना परवडतील असं नाही. निदान रोजनिश्या, फोटो आणि हस्तलिखितं तरी त्यात ठेवा, बाकीचं स्वच्छ पांढऱ्या सुती रुमालात जुन्या दप्तरासारखं बांधलं तरी चांगलं टिकतं. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढं, खालचा खण मोकळा. सांगली-मिरजेला नदीकाठी असाल तर तळमजल्यावर ठेवूच नका. साताऱ्याच्या पश्चिमेला पावसाळाभर भिंती पाझरतात. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र कपाटात ठेवा आणि आकडा ६५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

निगेटिव्हच्या डब्याला शिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म कुजायला लागली आहे, आणि तिच्या वाफेने शेजारची चांगली फिल्मही कुजते. तो डबा लगेच वेगळा करा आणि स्कॅनिंगला सगळ्यात आधी तोच घ्या.

आता वाचायला बसा

हे काम मला सगळ्यात आवडतं, आणि नवख्या माणसाला अडखळायलाही इथंच होतं.

सरांच्या वहीचं एक पान सांगते. शंभर पानी वही, पुठ्ठ्याला पायजम्याची नाडी बांधलेली. पान पावसाने फुगलेलं, वरच्या ओळींची निळी शाई पसरलेली, आणि तिथून पुढं पेन्सिल, कारण पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी पेन खिशात घातलं असणार. डाव्या समासात वेळ आणि ठिकाण: ६.१०, यवतेश्वरचा घाट. पुढं एकच ओळ: "तरणा लागला. कस्तूर शीळ घालतोय, दिसत नाही." पानाच्या मधोमध दाबलेलं तेरड्याचं फूल, त्याचा जांभळट डाग समोरच्या पानावर उतरलेला. या पानावर तारीख नाही.

पण तारीख काढता येते. पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला आपल्याकडे तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. ही नक्षत्रं सूर्याची, त्यामुळे ती दरवर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला. म्हणजे "तरणा लागला" ही ओळ जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. वर्ष मागच्या-पुढच्या पानांवरून मिळालं. तिथीचं मात्र असं नाही. "श्रावण शु. ५, शके १८९०" असं लिहिलेलं असेल तर जुनं पंचांगच उघडावं लागतं. वर्ष काढणं सोपं आहे. शकात ७८ मिळवा, आणि महिना जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर ७९. म्हणजे तो श्रावण १९६८चा. मूळ लिहिलेलं कधीही बदलू नका. तुम्ही काढलेली तारीख यादीत चौकटी कंसात द्या, म्हणजे ती तुमची आहे हे पुढच्याला कळेल.

ठिकाणांच्या नावांचंही तसंच. जुन्या पत्रांवर "द. सातारा" दिसलं तर गोंधळू नका. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्याच्याही आधीचे कागद असतील तर औंध, फलटण, सांगली, मिरज, जत या संस्थानांची मोहोर दिसेल. एखादा जमिनीचा कागद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजाने लावू नका. नकाशांवर ४७ जी, ४७ एल असे आकडे असतात. ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांचे क्रमांक. कास-कोयनेचा भाग ४७ जी मध्ये येतो, सांगली-मिरजेचा ४७ एल मध्ये. जुने नकाशे इंचाला मैल या प्रमाणातले, नंतरचे १:५०,०००. त्यांवर पेन्सिलीने केलेली फुली, बाण, गोल म्हणजे घरटी, पाणवठे, वाटा असतात. नकाशाची घडी पुन्हा पुन्हा उलगडायच्या आधी त्या खुणांचा फोटो घ्या, कारण घडीवरची पेन्सिल पहिल्यांदा झडते.

प्राण्या-वनस्पतींची शास्त्रीय नावं बदलत राहतात. जुन्या वहीत माळढोकाचं शास्त्रीय नाव कोरिओटिस नायग्रिसेप्स असेल, आता ते आर्डिओटिस नायग्रिसेप्स आहे. यादीत दोन्ही द्या, आधी त्यांनी लिहिलेलं. स्थानिक नावं तर जशीच्या तशी ठेवा. "खर्चुडी", "गेंद", "वायतुरा" ही रानफुलांची नावं ज्या गावच्या माणसाने सांगितली, त्याचा उल्लेख समासात असतो, तोही टिपा.

चिठ्ठी आणि नमुना यांची ताटातूट करू नका. वाळवलेल्या झाडाच्या कागदावर कोपऱ्यात एक क्रमांक असतो, तोच क्रमांक वहीत सापडतो आणि तिथं ठिकाण, तारीख, उंची, सोबत कोण होतं हे सगळं असतं. क्रमांक तुटला की नमुना म्हणजे नुसता वाळका पाला. याचं आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर खात्रीने कुणी पाहिलं नव्हतं. मधला एकच नमुना होता, रिचर्ड मायनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याचा, १९१४चा, गुजरातेतला. लोक त्याच्या भरवशावर शोधत राहिले आणि पिंगळा मिळाला नाही. पुढं अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की तो नमुना संग्रहालयातून चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला होता. खोटी चिठ्ठी बाजूला काढून फक्त खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर त्या आणि त्यांचे सोबती निघाले, आणि १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. एका चिठ्ठीमुळे पक्षी हरवला होता, आणि खऱ्या चिठ्ठ्यांमुळे सापडला.

आंदोलनाचे कागद

निवेदनं, मोर्चाची पत्रकं, जनहित याचिकांच्या प्रती, २००५ नंतरचे माहिती अधिकाराचे अर्ज, ग्रामसभेचे ठराव, सात-बाराचे उतारे. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं आणि चार प्रती असतील तर तीन फेकाव्याशा वाटतात. थांबा. चौघींपैकी एकीवर कचेरीचा गोल शिक्का आणि आवक क्रमांक असतो. ती पोहोच. निवेदन खरोखर त्या दिवशी, त्या टेबलावर पोचलं होतं, याचा एकमेव पुरावा तीच. दुसरीवर सरांच्या हाताने केलेल्या दुरुस्त्या असतील. आधी "मागणी" लिहून खोडून "विनंती" केलेलं. तेही ठेवण्यासारखं आहे. खऱ्याखुऱ्या, तंतोतंत सारख्या प्रती असतील तर दोन ठेवून बाकी घरच्यांना विचारून काढा.

वर्तमानपत्राची कात्रणं लवकर पिवळी पडून तुटतात आणि शेजारच्या कागदाला डाग देतात. त्यांची चांगल्या कागदावर झेरॉक्स करून गठ्ठ्यात मूळ जागी ठेवा, मूळ कात्रणं वेगळ्या पाकिटात. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख नसेल तर तेवढंच शोधण्यात एक दिवस गेला तरी चालेल.

यादी

यादी करताना पेटी, गठ्ठा, कागद अशा तीन पायऱ्या ठेवा. प्रत्येक कागदाची नोंद करायला पहिल्याच वर्षी बसू नका, काम अर्ध्यात राहतं. आधी सगळ्या गठ्ठ्यांची नोंद पुरी करा.

"विविध पत्रे व कागद" अशी नोंद कुणाच्याच कामाची नाही. आमची एक नोंद अशी आहे: "पेटी २, गठ्ठा ५. सुतळीने बांधलेला, वर सरांच्या अक्षरात 'तळे' अशी चिठ्ठी. तळ्याच्या काठावरील भरावाविरुद्ध पत्रव्यवहार. ३१ कागद, मराठी व इंग्रजी, त्यांत पोहोचीची निवेदने ४, हाताने काढलेला तळ्याचा नकाशा १, पाणपक्ष्यांच्या मोजणीचे तक्ते ६. दोन कागदांना कसर. क्रम मूळचा." एवढं वाचल्यावर पाणपक्ष्यांवर काम करणारा विद्यार्थी आणि तळ्याची केस लढवणारा वकील, दोघेही तोच गठ्ठा मागतील.

स्कॅन

स्कॅन करायचं ते मूळ कागदाला पुन्हा पुन्हा हात लागू नये म्हणून. स्कॅन झालं म्हणून मूळ टाकता येत नाही. टंकलिखितासाठी ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) पुरतं, हस्ताक्षराला आणि पेन्सिलीला ४०० ते ६००. स्लाइडसाठी वेगळा स्कॅनर लागतो. मूळ प्रत टिफ या तपशील न गाळणाऱ्या मोठ्या फाईलच्या स्वरूपात ठेवा, वाचायला जेपेग ही छोटी फाईल.

फोनने काढणार असाल तर साधा कॅमेरा वापरा. कागदपत्रं स्कॅन करायची अॅप कागद पांढराशुभ्र करतात आणि त्या नादात फिकट पेन्सिल पुसून टाकतात. आमच्या एका मुलाने अख्खी वही अशी काढली. समासातल्या सगळ्या वेळा गायब. पुन्हा काढावी लागली. कोरी पानंही क्रमाने घ्या, पाठपोट घ्या. फाईलचं नाव यादीच्या क्रमांकावरून ठेवा, पेटी ०२, गठ्ठा ०५, पान ०१७ तर ०२-०५-०१७. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. साताऱ्याची पुण्याला, सांगलीची साताऱ्याला.

पक्ष्यांच्या आवाजाच्या कॅसेट असतील तर वाजवायच्या आधी मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. चांगल्या डेकवर एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या.

माणसांना विचारा

फोटोंच्या ढिगातली निम्मी माणसं तुम्हाला ओळखू येणार नाहीत. काकूंना एका वेळी दहा-बाराच फोटो दाखवा. जास्त दाखवले की माणूस थकतो आणि आठवणी मिसळतात. त्या बोलतील ते परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. सरांबरोबर फिरलेले वनमजूर, गवळी धनगर, घाटातला चहावाला यांच्याकडेही फोटो घेऊन जा. "हा मी. आणि हे झाड आता नाही," असं एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, आणि तो फोटो कुठल्या वळणावरचा ते आम्हाला कळलं. नावं फोटोच्या पाठीवर लिहू नका, पाकिटावर लिहा, आणि कुणी सांगितलं तेही.

काय उघड करायचं, काय नाही

दुर्मीळ खर्चुडीची जागा, खवल्या मांजराचं बीळ, गरुडाचं घरटं, हे वहीत नेमकं लिहिलेलं असतं. ते जसंच्या तसं सगळ्यांसमोर ठेवलं तर महिन्याभरात तिथं कंद उपटणारे आणि जाळी लावणारे पोचतील. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, कारण ही वनस्पती जगात इथल्याच थोड्या पठारांवर उगवते. अशा जागांच्या नोंदीत तालुका तेवढा उघड ठेवा. नेमकी जागा बंद पाकिटात, आणि ती कुणाला दाखवायची हे लेखी ठरवा. शिकाऱ्यांची नावं सांगणाऱ्या खबऱ्यांची पत्रंही अशीच बंद ठेवायची. ती माणसं, त्यांची मुलं त्याच गावात राहतात.

पत्राच्या कागदाची मालकी ज्याला पत्र आलं त्याची, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. आपल्या कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याच्या हयातीत छापलेल्या मजकुरावर तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि हयातीत न छापलेला मजकूर नंतर छापला तर पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं. वाचायला, अभ्यासाला देता येतं. छापायचं असेल तर लिहिणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्या.

कुठं द्यायचं

वाळवलेल्या वनस्पती पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाला किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाला विचारून द्याव्यात, त्यांच्याकडे असे संग्रह सांभाळायची व्यवस्था आहे. पक्षी आणि प्राण्यांच्या नोंदींसाठी १८८३ पासून काम करणारी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे. शास्त्रज्ञांचे आणि निसर्ग अभ्यासकांचे खाजगी कागद बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेचं अभिलेखागार घेतं. सगळे कागद एकाच जागी राहिले तर उत्तम. नमुने एकीकडे आणि वह्या दुसरीकडे जाणार असतील तर दोन्हीकडे एकमेकांची यादी ठेवा.

दानपत्राशिवाय एक कागदही देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका घरातून एक संस्था समारंभ करून टेंपोभर कागद घेऊन गेली. यादी नाही, पोहोच नाही. तीन वर्षांनी मुलगी वडिलांची रोजनिशी बघायला गेली तर कुणालाच काही सांगता येईना. तिच्या हातात फक्त समारंभाचा फोटो आहे. दानपत्रात यादी जोडलेली हवी. कागद कुठं, कसे ठेवणार, किती दिवसांत खुले करणार, कुठले बंद राहणार, घरच्यांना स्कॅनची पूर्ण प्रत मिळणार, आणि संस्थेला सांभाळणं जमलं नाही तर कागद परत करणार, हे सगळं लिहून दोन्हीकडच्या सह्या हव्यात.

घरीच ठेवायचं ठरलं तर दरवर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या कोरड्या दिवसांत सगळी कपाटं उघडा. कसर बघा, रुमाल बदला, हार्डडिस्क लावून प्रत्येक पेटीतली दोन-तीन चित्रं उघडतात का ते पाहा.

शेवटी एक काम, जे यादीत बसत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये आल्डो लिओपोल्ड नावाचे निसर्ग अभ्यासक १९३५ पासून आपल्या शेतावर कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी परतला ते लिहीत. त्यांचे कागद तिथल्या विद्यापीठाने सांभाळले. त्यांच्या मुलीने, नीना यांनी, १९७६ पासून त्याच जागी त्याच नोंदी पुन्हा सुरू केल्या, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर कितीतरी फुलं पूर्वीपेक्षा लवकर उमलतात हे दिसलं. सरांच्या वह्यांत दरवर्षीच्या पहिल्या पावश्याची तारीख आहे. "पेर्ते व्हा" पहिल्यांदा ऐकू आलं तो दिवस, वेळ आणि ते कुठं उभे होते ते. आम्ही त्या सगळ्या तारखा एका तक्त्यात उतरवून काकूंना दिल्या. परवा गेले तर काकूंनी कपाटातून एक वही काढून दाखवली. सरांची नाही, नवी, दुकानातून आणलेली. सरांच्या वहीत लिहायचं नाही हे त्यांना पहिल्या महिन्यापासून पाठ आहे. पहिल्या पानावर दोन ओळी होत्या, दोन वर्षांच्या. तारीख, वेळ, आणि ठिकाणाच्या जागी: मागचा जिना.